निम्मा पलंग

शारजा, रोल्याच्या मागे, तिसरा मजला.
खोलीत सहाजण, पलंग तीन.
मी रात्रपाळीहून सातला येतो,
बिजू साडेसहाला गेलेला.
उशीवर त्याच्या डोक्याचा खळगा,
चादर अजून कोमट.

फ्रिजमधल्या बरणीवर मल्याळीत काहीतरी खरडलंय.
'हात लावू नका' असणार.
नाही लावला.

आईला सांगितलं, खिडकीतून खाडी दिसते.
दिसते – संडासाच्या,
बादलीवर उभं राहिलं की.

काल ईदची सुट्टी. दोघंही घरी.
पलंगाच्या दोन टोकांना बसलो,
स्थळ बघायला आल्यासारखे.
मग त्यानं बरणी काढली. लिंबाचं लोणचं.
"खा, असंच तर लिहिलं होतं.
उशीला खोबरेलाचा वास –
मला वाटलं, आमच्याकडचाच कुणीतरी."