तेराचा पाढा

गौतमी आली तेव्हा फायलीत तीन दाखले होते,
जतचा, विट्याचा, मिरजेच्या बालगृहाजवळचा.
काय राहिलं, ते कुठल्याच शिक्क्याखाली नव्हतं.
जतला वर्ग बारापर्यंत आला होता तेव्हा तिला हलवलं,
विट्यात पोचली तर फळ्यावर चौदाचा.
मधला पाढा कुठल्या तरी एसटीत राहिला.

मी बत्तीस वर्षं सांगलीच्या हळदपेठेत तोलार.
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.
मालननं तिला पहिल्यांदा भात वाढला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लाभ.
पोरीनं वर बघितलं. पुन्हा खाली.

वहीवर नाव घालायची नाही.
कव्हरं घालून दिली, चिठ्ठीची जागा कोरीच.
मालन म्हणाली, राहू दे,
आदेश वर्षाचाच आहे,
तिलाही वाचता येतं की.

संध्याकाळी पायरीवर बसायचो.
तेरा साते एक्याण्णवपर्यंत नीट, मग
मी म्हणायचो, तेरा आठे चारोदरसे,
ती म्हणायची, एकशे चार.
'चारोदरसे म्हणजे?'
शंभरावर चार चढले.
'मग तसं म्हणा ना.'
यावर दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी माझ्या पिवळ्या नखांकडं बघत
हळूच म्हणाली, सतरोदरसे.
नऊचं तिचं तिनंच काढलं होतं.

सहामाहीला गणितात पन्नासपैकी एकतीस.
शेजारचे चोपडे म्हणाले, एवढं बसून एकतीसच?
आधी नऊ होते, मी सांगितलं,
आणि दार जरा जोरात लागलं.

फेब्रुवारीत पत्र :
आईची तब्येत सुधारली आहे, समितीसमोर हजर राहावे.
मी तिथं भांडलो नाही. एवढंच मागितलं,
परीक्षा होऊ द्या,
नाहीतर पुन्हा मधलं काहीतरी राहील.
मॅडमनी कॅलेंडर उलटलं. बराच वेळ उलटलं.
वीस एप्रिल लिहिलं.

आई आली. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी.
तिच्यासाठी साठवलेलं सगळं
तिच्या हातावरच्या सलाइनच्या डागाकडं बघून
जागच्या जागी राहिलं.
मालननं चहा टाकला.
गौतमीनं या वेळी वह्या मागं ठेवल्या नाहीत.
पिशवीत जाताना मी मोजल्या, मनात,
लाभ, दोन, तीन.

जूनमध्ये जतहून फोन.
नव्या बाईंनी तेराचा विचारला,
आठला ती चारोदरसे म्हणाली आणि वर्ग हसला.
'बाई म्हणाल्या, हे कुठलं गं?'
मग?
'सांगलीचं आहे म्हटलं.'