हयसर ठेवूक गावना नाय

वीज गेलीय. फोनची बॅटरी एकोणतीस टक्के.
रिद्धेश पडवीत पालथा पडून शहर बांधतोय
आणि मी चार्जिंगच्या दिव्याखाली
उद्याच्या मोजणीचा नकाशा उलगडून बसलेय.

"आत्ये, हयसर खळा ठेवूक गावना नाय. लाल येता."

बघते. त्याच्या बोटाखाली
मासळी सुकवायचं इवलंसं खळं,
चार बांबू, बांगड्यांची एक ओळ,
भोवती लाल चौकोन, कचेरीच्या शिपायासारखा ढिम्म.
खाली सूचना: घरांपासून दहा चौकोन लांब. वास येतो.

रिद्धेश हसत सुटतो.
आमचं खळं स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलेलं,
वरच्या दोरीवर त्याचा गणवेश,
खाली जाळ्यावर सुकट.
"ज्यानां ह्यो गेम केल्यान
त्याका म्हावऱ्याचो वास म्हायत नसतलो."

दीपगृहाशेजारी दीपगृह नको.
बंदर पाण्याला चिकटूनच हवं.
शाळेला रस्ता लागतोच
(आमच्या शाळेला खाजणातली पायवाट आहे,
भरतीला तीही नसते).

नऊ वर्षं मी हेच म्हणायचा पगार घेते:
इथे नको.
फीत, खुंट, यंत्राची तिपाई,
आणि भरतीची रेषा.
पहिल्या वर्षी ती आमच्याच न्हाणीतून गेली.
घर कागदाहून जुनं; कागदाला त्याचं काय?
आता पत्रा बदलायलाही तीन प्रतींत अर्ज.
खाडीपलीकडे, जिथे निळ्या काचांचं हॉटेल उठलं,
तिथे मात्र रेषेला पोटदुखी झाली असावी,
अशी वाकलीय.

गेममध्ये लाल सगळ्यांना सारखं.
एवढ्यासाठीही मला तो खेळ बरा वाटतो.

गावानेही चौकोन आखले होते म्हणा.
देवळाजवळ कोण, ओहोळापलीकडे कोण,
कुणाची विहीर वरच्या अंगाला.
त्या लालालाही
वासाचंच कारण दिलं होतं.

आणि खाजणाच्या बांधावर घर नको,
हे कुणीच कुठे लिहिलं नव्हतं, सगळ्यांनी पाळलं,
अनाजी खवणेकराने चिरे उतरवेपर्यंत.
उधाणाच्या रात्री त्याचा फ्रिज
तरंगत आमच्या होडीपाशी आला,
दारावर मुलीने चिकटवलेली फुलपाखरं तशीच.
फ्रिज परत द्यायला आम्ही चौघं गेलो.
कुणी काही बोललं नाही. त्याने चहा केला.

"आत्ये, बंधनां बंद करूची सोय असा."
एक बटण, आणि लाल गेलं.
बावीस दीपगृहं ओळीने.
शाळा पाण्यात. रस्ता डोंगराच्या पोटातून थेट समुद्रात.
खळं छपरावर, छपरावर आणखी एक खळं.
मीही वाकून एक बंदर टाकलं, डोंगरमाथ्यावर.
दोघं खूप हसलो.
दहा मिनिटांत त्याचं बोट नुसतंच फिरू लागलं,
काहीही कुठेही बसत होतं
आणि ते कुठेच थांबेना.

"कंटाळो इलो," म्हणाला,
आणि जुन्या शहराकडे वळला, जिथे लाल येतं.
बॅटरी अकरा टक्के.
नकाशा उलटसुलट फिरवला,
घरं मोजली, एक पाडलं, रस्ता वाकवला,
मला विचारलं, संध्याकाळी वारा कुठून असतो.
सांगितलं.
वाऱ्याच्या पाठीला, दोन माडांच्या मध्ये,
शेवटी ते खळं हिरवं झालं.

माझ्या नकाशावर मी अजून
त्या वाकलेल्या रेषेवरच पेन्सिल धरून होते.
उद्या तिथेच जायचंय. साहेबांचा फोन येऊन गेलाय.

झोपताना पाहिलं, त्याच्या किनाऱ्यावर
पुळणीत एक मोठी जागा मोकळीच.
"इथे का नाही ठेवलंस काही? हिरवं दाखवतंय की."

त्याने फोन उशीखाली सरकवला.
"हिरवा असा," म्हणाला. "रवांदे."