आफ्टर

धंतोलीत, औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर क्लास.
पंखा खडखडून राहिला.
गजभिये सर म्हणाले, लुक म्हणजे पाहणं,
पण ते एकटं निघत नाही घरून.
ॲट लावा, नजर टेकते.
फॉर लावा, काहीतरी हरवलेलं असते.
आफ्टर लावा...

मी हात वर केला. नंतर पाहणं!
आफ्टर म्हणजे नंतर, तेवढं येते मले.

पोरं हसली. सरही.
नाही वनमालाबाई, सांभाळणं.

माझा पेन थांबला.
मंगळवारी सात नंबरच्या म्हातारीपाशी
नवा डॉक्टर जाता जाता बोलला होता,
लुक आफ्टर हर.
मी मान हलवली. नंतर पाहू.
आणि आधी अख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलल्या.

काही झालं नाही बाप्पा.
फक्त पाण्याचा गिलास वीतभर दूर होता,
आणि तिचे डोळे
फॉर लावल्यासारखे दाराकडे.

सर फळा पुसून राहिले.
म्हणाले, वाक्यात वापरा.
पोरांनी आई लिहिली, कोणी कुत्रा.
मी गिलास लिहिला.
सरांनी खाली लाल रेघ ओढली.

आता ड्युटीवर गेली का
पहिले तो जवळ सरकवते.
चादरी नंतर.