तीन दिवस आधी

केमीच्या बंदरात रात्रपाळीला फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या तानेलीने
तीस युरो जास्त मोजले
आणि शुक्रवार मंगळवारीच विकत घेतला.

हिशेब त्याचाच, पावतीच्या पाठीवर केलेला:
तीन दिवसांचे बहात्तर तास.
चोवीस गेले पाळीत, कागदाच्या रिळांमध्ये.
एकवीस झोपेत.
पाच तास पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत होतं
आणि खाली ओळ: तुमच्या पुढे अकरा हजार चारशे जण.
म्हणजे घाई करणाऱ्यांचीही रांग असते,
आणि तिच्यात उभं राहायलाही पैसे पडतात.

उरलेल्या बावीस तासांत जे बेट त्याने पाहिलं
त्याला समुद्र होता, लाटांचा आवाज नव्हता.
नावाड्याला चेहरा नव्हता.
हवेत दोन डोळे आणि बत्तीस दात,
आणि ते दात मोठ्या अदबीनं म्हणायचे, "या, बसा होडीत."
होडी धक्क्याच्या दगडात अर्धी रुतलेली.
दीपगृहातली म्हातारी किल्ली द्यायला हात पुढे करायची
आणि हात पुढेच राहायचा.
रिकामा.
तो एकतीस वेळा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.
बत्तिसाव्यांदा खेळच बंद पडला
आणि एक नम्र पत्र आलं:
काय बिघडलं ते कळवा, तुमची मदत आमच्यासाठी मोलाची आहे.
मोलाचीच.
फक्त मोल कोणी कोणाला द्यायचं, तेवढं उलटं झालं होतं.

त्याने कळवलंही, सविस्तर, चित्रांसकट.
छप्पर पडायच्या आधीच भाडं भरून राहायला गेलेला माणूस
गवंड्याच्या हाताखाली विटा द्यायला लागतो, तसं.

जुलै सरताना आई दोघांना दलदलीत न्यायची,
त्याला आणि साइमीला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून.
हिल्ला हे फळच उफराटं:
कच्चं तेव्हा लालभडक, दगडासारखं,
पिकलं की फिकट केशरी, बोट लागताच फुटणारं.
तानेली दरवर्षी लाल तोडायचा.
आई ओरडायची नाही.
तेच त्याच्या वाटीत घालायची
आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायची.

शुक्रवारी साइमी आली,
म्हणजे तुर्कूहून तिचा आवाज आला, कानात.
तिचं साधं तिकीट, सगळ्यांचं असतं तसलं.
त्याच पहाटे दुरुस्ती उतरली होती:
नावाड्याला चेहरा फुटला, दाढी, गालावर जुना व्रण,
लाटा वाजू लागल्या,
आणि तानेलीचे बावीस तास
जुन्या आवृत्तीचे म्हणून उघडेनात.

"थांब, आधी समुद्र ऐकू दे," साइमी म्हणाली.
ती अशीच. दारात उभी राहून वास घेणारी.
लहानपणी दोघांत एकच कंट्रोलर होता,
एक मेला की दुसऱ्याच्या हातात.
त्यामुळे कुठल्याही दारापलीकडे
दोघं एकाच क्षणी दचकायची.

आता तिने दार ढकललं
आणि हा म्हणाला, "अरे वा."

पलीकडे शांतता. मग,
"तू इथे येऊन गेलायस."
"..."
"येऊन गेलायस. बरं. पण किल्लीचं सांगू नकोस हं मला."

सांगण्यासारखं होतं काय त्याच्याकडे?
किल्ली त्यानेही पाहिली नव्हती.
पाहिला होता तो फक्त पुढे आलेला हात.
पण हे सांगायचं तर
त्या तीस युरोंचंही सांगावं लागलं असतं.

म्हातारीने हात पुढे केला. बोटं उघडली.
साइमी ओरडली, अगदी नऊ वर्षांची असल्यासारखी.
त्यालाही ओरडायचं होतं,
पण ज्याला सगळं ठाऊक आहे त्याने
किती मोठ्याने ओरडायचं असतं, हे त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला.
पुढचा भाग वसंतात. या वेळी पूर्ण पाच दिवस आधी.
त्याने फोन उपडा ठेवला.
बंद केला नाही.
उपडा.