बसू का?

आपल्याकडं भेटलं की पहिला प्रश्न तोच –
जेवलीस का?
फोनवर आई, जिन्यात रेक्टर मॅडम,
औशाहून डबे आणणारा एसटीचा कंडक्टरसुद्धा.
मायेचाच असतो.
पण प्रणोतीला तो हजेरीसारखा ऐकू यायचा.
"झालं," म्हणायची,
आणि डबा, चटणीवरचं तेलही न हललेला,
तसाच परत जिना उतरायचा.

आम्हाला वाटलं, टेस्ट सिरीजचं असंल.
लातुरात टेन्शन म्हटलं की कशावरही पांघरूण पडतं.
मार्क तर वाढतच होते तिचे.
मे महिन्यात स्वेटर घालून बसायची,
तरी कुणी काही विचारलं नाही.

ओळखलं ते निकहतनं. उदगीरची.
तिनंही एक अख्खं वर्ष
ताटाशी असंच वैर धरलं होतं,
हे आम्हाला त्या रात्री गच्चीवर कळलं.
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून,
व्याख्या म्हणून दाखवावी तसं
एका दमात सांगितलं तिनं.
मग म्हणाली, "आधी तो प्रश्न बदला."

म्हणून आता एवढंच विचारायचं:
बसू का?
हो म्हणाली तर शेजारी. नको म्हणाली तर उंबऱ्यावर.
ताटाकडं बघायचं नाही.
कुणाच्या अंगावरून बोलायचं नाही, स्वतःच्याही.
"बारीक झालीस गं" हे कौतुक बंद.
सत्त्वशीलाला फार जड गेलं,
तिचं निम्मं बोलणंच तेवढं होतं.

गुरुवारी दवाखान्यात तिघी गेलो सोबत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"औषधपाणी मी बघते. तुम्ही डॉक्टर होऊ नका."
नीटसाठी घरदार सोडून आलेल्या पोरींना हे!
आधी प्रणोतीच हसली.

काल आईनं धपाटे पाठवले.
मी फडकं सोडून ठेवलं आणि फिजिक्स काढलं.
तिनं तुकडा मोडला,
बराच वेळ नुसता हातात धरला.
मग खाल्ला. मग रडली.
म्हणाली, तिखट झालंय.
झालं नव्हतं.
मी म्हटलं, व्हय, लई तिखट.

आज परत स्वेटर. परत खिडकी.
डबा झाकलेला.
मी वही घेऊन दारात:
बसू का?

हो नाही, नको नाही.
पाय तेवढे
जवळ ओढून घेतले तिनं.