कवळी

माणसं मोजली. अकरा.
बॅगा चौदा, आणि ठकूआत्याची पिशवी,
जिला ती बॅग म्हणू देत नाही.
थर्मास दोन. रेवूचा एक बूट, दुसरा पायात.
तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्यात मी,
टेम्पो ट्रॅव्हलरच्या दारात उभी राहून
म्हैसूर सोडताना सगळं मोजलं.
नानांचे दात मोजायचे राहिले.

कळणार तरी कसं?
चार दिवस सकाळी इडली,
आणि इडलीला कोण दात लावतं.
शेवटच्या दिवशीही दोन खाल्ल्या, वर कॉफी,
आणि खिडकीशी बसून झोपले ते थेट हुबळीपर्यंत.
कागलच्या पुढे पहिली मराठी पाटी दिसली,
ड्रायव्हरने उगाच हॉर्न वाजवला.
ढाब्यावर भाकरी आली, ठेचा आला,
नानांनी तुकडा तोंडात घातला
आणि आमच्याकडे असं पाहिलं
जसं भाकरीनेच ओळख दाखवली नव्हती.

खोली एकशे सात. काचेचा ग्लास.
नानांचं हसू म्हैसुरात, पाण्यात,
आणि आम्ही मोहदरीचा घाट उतरतोय.

जेल रोडला घरी दिवाळीचे डबे तसेच होते.
नाना चकलीचा डबा उघडायचे, वास घ्यायचे,
झाकण घट्ट लावायचे.
आठवडाभर वरणभात, चहात बुडवलेलं बिस्कीट.
बोलणं मात्र कमी झालं नाही,
फक्त अक्षरं एकमेकांच्या घरी राहायला गेली.
म्हैसूरचं म्हैफूर झालं
आणि रेवूने तेच पाठ केलं.

शेजारचे पगार येऊन विचारायचे, राजवाडा कसा होता?
रविवारी संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले तेव्हा
आम्ही दहा जण तोंड उघडं टाकून उभे होतो.
नानांची पाठ राजवाड्याकडे.
तिकिटातून परत आलेल्या नोटा
ते त्या उजेडात धरून बघत होते.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढलेला माणूस,
नोट हातात आली की उजेडात धरणार,
अंगठ्याने कड चाचपणार,
आणि म्हणणार, "आपली आहे."
नोटेवर गावाचं नाव नसतं.
आम्ही कधी विचारलं नाही.

नवव्या दिवशी कुरिअर आलं.
मिठाईचा डबा, त्यात कानडी पेपर,
त्याच्या आत आणखी कानडी पेपर.
रेवू म्हणाली, जिलब्या छापल्यात.
सगळ्यात आत कवळी, स्वच्छ धुतलेली,
आणि चार घड्या घातलेली शंभराची नोट.
चिठ्ठीवर एवढंच: मादेश, रूम बॉय.

"ही मी ग्लासखाली ठेवली होती," नाना म्हणाले,
"त्या पोरालाच."

त्याला वाटलं, म्हातारा विसरला.
दात विसरणारा माणूस पैसेही विसरणारच.

मग घरात सभा भरली.
ठकूआत्या म्हणाली, मनीऑर्डर कर.
हर्षद म्हणाला, नंबर शोधतो, आत्ता फोनवरून पाठवतो,
दोन सेकंदांचं काम.
नानांनी त्याच्याकडे पाहिलं.
छत्तीस वर्षांच्या तीन पाळ्या त्या बघण्यात होत्या.
हर्षदने फोन खिशात घातला.

नोटेच्या घड्या त्यांनी मांडीवर उलगडल्या,
तळहाताने दाबून सपाट केल्या,
ट्यूबलाइटखाली धरली. खूप वेळ.
या खेपेला काही बोलले नाहीत.
नोट पंचांगात ठेवली, पंचांग उशीखाली.

कवळी बसवली. जबडा दोनदा हलवून पाहिला.
चकलीचा डबा मागितला.
तो आवाज वरच्या मजल्यावर पगारांनाही गेला असेल.

रेवू त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी.
"नाना, परत कधी जायचं म्हैफूरला?"

"म्हैसूर," नाना म्हणाले.
स अगदी स्पष्ट.