एक नग, वापरलेला

आमच्या बंदराला समुद्र नाही.
अजनीत रुळांच्या कडेला डांबराचं पठार आहे,
त्यावर कंटेनर उतरतात,
न्हावाशेव्याचं मीठ अजून कड्यांना धरून.
मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवलात
तर कातडी तिथेच जमा होईल, पावती मिळणार नाही.

एकोणीस वर्षं मी इथे कागद फिरवते.
उमरेडकर अँड सन्स, कस्टम ब्रोकर.
सन्स पुण्याला आयटीत गेले, मी राहिले.
जगातली प्रत्येक वस्तू आठ आकड्यांची असते,
एवढं मी शिकले.
जिला आकडा सापडत नाही ती ‘इतर’,
आणि ‘इतर’कडे सगळे
परगावच्या पाहुण्यासारखे बघतात.

त्या लाकडी खोक्यात ब्रेल उठवायचं यंत्र होतं, कळांचं.
जर्मनीतली कुठलीशी शाळा बंद पडली,
त्यांनी ते आमच्या अंधशाळेला धाडलं.
सोबतच्या पत्रात: भेट. किंमत शून्य.

शून्य चालत नाही.
लांजेवार साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला,
"मॅडम, देणाऱ्यानं सोडली किंमत.
वस्तूनं कुठं सोडली?"
हे वाक्य मी घरी जाऊन हिशेबाच्या वहीत लिहिलं.

मग सनदी अभियंत्याचा दाखला, किती जुनं, अजून किती चालेल.
मग सवलतीसाठी पत्र, गोल शिक्क्याचं;
आलं ते चौकोनी शिक्क्याचं.
मग हे छपाईयंत्र, की टंकलेखन, की अपंगांचं साधन,
यात अकरा दिवस.
विलंबशुल्काचं मीटर ऑटोसारखं नसतं,
माल उभा असला की ते पळतं.

बाराव्या दिवशी खोकं उघडलं.
रोलरमध्ये एक जाड कागद अडकलेला,
पानभर ठिपके.
"हे काय? यादीत तर नाही."
कोणालाच वाचता येईना.
साहेबांनी बोट फिरवून पाहिलं,
नाक्यावरच्या गोणीत फिरवतात तसं.

गजभिये सर ऑटोनं आले.
गेटवरच्यानं सही मागितली, मग अंगठा घेतला.
सरांनी तो पँटला पुसला,
दुसऱ्या हाताचं बोट कागदावर ठेवलं.
ह.
अ.
उ.
स.
थांबले. पुन्हा पहिल्यापासून.
"हौस," म्हणाले, "ओळीमागून ओळ हौसच आहे, साहेब.
एका जागी स दोनदा पडलाय."

"जर्मनीवाले मराठीत काऊन छापून राहिले बाप्पा?"
हमालांसकट सगळे हसले.
सरही. मग म्हणाले,
"ठिपके तेच असतात, भाषा त्यांची.
अक्षर आलं म्हणून अर्थ आला, असं नाही नं."

मी गप्प.
एकोणीस वर्षं अधिसूचना वाचते आहे.

रात्री त्या बंद शाळेच्या बाईंचं उत्तर आलं.
कुण्या लहान मुलाचा सराव असेल, नाव आता सांगता येणार नाही.
शब्द आहे: घर.

सकाळी साहेबांना सांगायला गेले.
पंचनामा आधीच टाइप झालेला:
कागद, एक नग, वापरलेला,
व्यापारी मूल्य शून्य.
"म्हणजे चालतं," मी म्हटलं.
त्यांनी वर पाहिलं नाही,
पण पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

यंत्र सोळाव्या दिवशी सुटलं.
विलंबशुल्क शाळा हप्त्यानं भरते, दोन बाकी आहेत.
टेम्पोत सर पुढे बसले,
कागद दोन्ही तळव्यांवर सपाट.
घडी घालू द्या म्हटलं तर नाही म्हणाले,
ठिपके बसतात.
वर्धा रोडच्या प्रत्येक खड्ड्याला
त्यांचे हात आधी वर उचलले जात होते,
असं ड्रायव्हर सांगत होता.